लुटुपुटूची लढाई

सैन्य लढण्यासाठी असते, पण बहुतेक सैनिकांच्या उभ्या नोकरीत खरी लढाई एखाद-दुसऱ्या वेळीच येते, कित्येकांच्या वाट्याला ती येतही नाही. आली तर शिकायला सवड देत नाही. त्यामुळे लष्करी प्रशिक्षणाचा सगळा खटाटोप एका प्रश्नाभोवती फिरतो: जे प्रत्यक्षात घडवून पाहता येत नाही, त्याचा सराव करायचा कसा? आजच्या सैन्यांनी याची जी उत्तरे शोधली आहेत त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्यात माणसे, शस्त्रे आणि मैदान खरे असते, फक्त गोळी खोटी असते. हा प्रत्यक्ष सराव. दुसऱ्यात माणूस खरा, पण तो बसतो ते विमान किंवा रणगाडा खोटा असतो. सिम्युलेटर म्हणतात ते याच गटातले. तिसऱ्यात सैन्येसुद्धा कागदावर किंवा संगणकात असतात. खरे असतात ते फक्त हुकूम देणारे अधिकारी. पलटणी पुढे सरकल्या की नाही, किती माणसे पडली, हे नियम आणि गणित ठरवते. नकाशावरचा हा तिसरा प्रकार बराच जुना आहे.

बुद्धिबळाला युद्धाची शाळा मानणारे युरोपात पुष्कळ होते. पण पटावर दोन्ही खेळाडूंना एकमेकांचे सगळे मोहरे दिसतात. रणांगणावर हे सुख कोणालाच मिळत नाही. प्रशियातले एक मुलकी अधिकारी फॉन राइस्वित्झ यांनी १८१२ मध्ये राजाला एक युद्धपट करून दिला. त्यात साच्यातून घडवलेल्या जमिनीच्या फरश्या होत्या, डोंगर-नद्या हव्या तशा मांडता येत. त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ मध्ये या खेळाला लष्करी शिस्त लावली. १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा घेतला, निळे आणि लाल ठोकळे केले, एका चालीला दोन मिनिटांचा काळ ठरवला आणि मध्ये एक पंच बसवला. खेळाडू ठोकळ्यांना हात लावत नसत. ते पंचाला लेखी हुकूम देत. शत्रूचा जेवढा भाग खरोखर दिसला असता तेवढाच पंच नकाशावर मांडी. दूरच्या तुकडीला निरोप पोचायला वेळ लागणार असेल तर तो हुकूम तितक्या चालींनंतरच अमलात येई. गोळीबाराचे परिणाम फाशांनी ठरत, पण फाशांमागचे तक्ते बंदुका आणि तोफांच्या प्रत्यक्ष चाचण्यांवर बेतलेले होते. सेनामुख्यालयाचे प्रमुख जनरल म्यूफलिंग हे पाहून इतके प्रभावित झाले की हा खेळ सगळ्या सैन्यात पोचवला गेला. ‘क्रीगस्पील’ या नावाने तो पुढे जगभर पसरला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर तर इतर देशांनी त्याची घाईने नक्कल केली.

या खेळातले फासे आणि ठोकळे कधीच मागे पडले. टिकले ते दोन धागे: अपुरी माहिती आणि निःपक्षपाती पंच. दोन शतकांतली युद्धखेळांची बरीचशी यशापयशे या दोन धाग्यांनीच समजावून सांगता येतात. १९४२ या एकाच वर्षात त्याची दोन टोके पाहायला मिळतात, एक लिव्हरपूलमध्ये आणि दुसरे जपानी आरमारात.

१९४१ संपताना अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे जाणारी मालवाहू जहाजे भराभर बुडवत होत्या. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये धाडण्यात आले. काम एवढेच, की पाणबुड्या नेमके काय करतात ते शोधून काढायचे आणि त्यावर उपाय सांगायचा. त्यांना मिळालेला कर्मचारीवर्ग म्हणजे महिला नौदल दलातल्या, बहुतेक विशीच्या आसपासच्या तरुणी. त्यांपैकी कोणी समुद्रावर लढलेली नव्हती. एका मोठ्या खोलीत लिनोलियमची जमीन चौकोनांत आखून तिचा समुद्र केला गेला. कडेने कापडी पडदे लावून त्यांना छोट्या फटी ठेवल्या. संरक्षक नौकेच्या कप्तानाची भूमिका करणारा अधिकारी त्या फटीतून पाही, आणि रात्रीच्या अंधारात खऱ्या नौकेच्या नियंत्रण-मंचावरून जेवढे दिसले असते तेवढेच त्याला दिसे. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखले जात आणि पाणबुडीचा हिरव्या खडूने, कारण पडद्यामागच्या कोनातून जमिनीवरची हिरवी रेघ उठून दिसत नसे. प्रत्येक चाल दोन मिनिटांची. हिशेब, मोजमाप आणि निरोपांची ने-आण या तरुणी करत.

पहिल्याच काही आठवड्यांत एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. पाणबुडी मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या बाहेर, दूरवरून टॉर्पेडो सोडते असा नौदलाचा समज होता. झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी जमिनीवर पुन्हा मांडल्या तेव्हा टॉर्पेडोचा पल्ला आणि बुडालेल्या जहाजांच्या जागा यांचा मेळ बसेना. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने काफिल्याच्या आत शिरते आणि तिथून मारा करते असे धरले तरच हिशेब जुळत होता. मग मारा केल्यावर ती कुठे जाणार? पाण्याखाली तिचा वेग काफिल्यापेक्षा कमी, म्हणजे बुडी मारली की काफिला तिच्या डोक्यावरून पुढे निघून जाणार आणि ती शेपटाशी उरणार. तेव्हा संरक्षक नौकांनी पुढे किंवा बाजूला धावण्याऐवजी ठरलेल्या रीतीने मागे येऊन काफिल्याच्या मागचे पाणी सोनारने विंचरायचे. या डावपेचाला ‘रास्पबेरी’ असे नाव पडले. इंग्रजी बोलीत या फळाच्या नावाने तोंडाने काढलेला एक कुत्सित आवाजही ओळखला जातो, आणि तो हिटलरला उद्देशून होता.

पाणबुडीविरोधी मोहिमेचे प्रमुख म्हणून पुढे आलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे पहिल्या महायुद्धातले नामांकित पाणबुडी कप्तान. त्यांनी स्वतः पाणबुडीची बाजू घेऊन या जमिनीवर डाव टाकले आणि एकामागून एक हरले. समोरच्या पडद्याआड जॅनेट ओकेल ही तरुण कर्मचारी संरक्षक नौका चालवत होती. ॲडमिरलला हरवायचे नाही, असा तिथे नियम नव्हता. युद्ध संपेपर्यंत या खोलीतल्या आठवडाभराच्या अभ्यासक्रमातून जवळपास ५,००० अधिकारी शिकून गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘यामातो’ या युद्धनौकेवर जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या नियोजित हल्ल्याचा खेळ मांडला. खेळात अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर बॉम्ब टाकले. पंचाने फासा टाकून नऊ फटके बसल्याचे जाहीर केले आणि ‘आकागी’ व ‘कागा’ बुडाल्या असा निकाल दिला. आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ ॲडमिरल उगाकी यांनी फटके नऊ नव्हे, तीनच धरा असे सांगितले. ‘आकागी’ वाचली. ‘कागा’ तेवढ्यापुरती बुडाली, पण मोहिमेच्या पुढच्या टप्प्याच्या खेळात तीही पुन्हा हजर झाली. महिनाभराने, ४ जून १९४२ रोजी खरी लढाई झाली आणि जपानने ‘आकागी’ व ‘कागा’ यांच्यासह चार विमानवाहू नौका गमावल्या. या खेळाचा उद्देश बेत तपासण्याचा नव्हता, ठरलेल्या बेताची रंगीत तालीम करण्याचा होता, असे काही इतिहासकार उगाकींच्या बचावासाठी म्हणतात. ते बरोबरही असेल. पण मग तपासणी कुठेच झाली नाही, हेच त्यातून निघते.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे खोट्या यंत्राची, सुरुवात झाली एका वाद्यांच्या कारखान्यात. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकणे फार महाग पडते असा अनुभव आलेल्या एडविन यांनी ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ मध्ये एक डबा बनवला. आत बसून दांडा हलवला की डबा खऱ्या विमानासारखा कलत, वळत असे. सैन्याने त्याकडे ढुंकून पाहिले नाही. काही डबे करमणुकीच्या बागांत गेले. १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने हवाई टपालाची कंत्राटे रद्द करून ते काम लष्कराकडे दिले, तेव्हा चित्र पालटले. लष्करी वैमानिकांना उपकरणे पाहून उडण्याचा सराव नव्हता. हिवाळ्यात, धुक्यात आणि रात्री टपाल नेताना थोड्याच आठवड्यांत अनेक जण अपघातात मेले. याच सुमारास नेवार्क विमानतळावर लिंक यांची वाट पाहणारे अधिकारी हवामान पाहून, आज कोणी येत नाही म्हणून निघण्याच्या बेतात होते. लिंक त्या धुक्यातून विमान घेऊन उतरले. त्यांच्या डब्यात हाच सराव करता येतो, हे वेगळे सांगावे लागले नाही. लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा डबे घेतले. दुसऱ्या महायुद्धात असे १०,००० हून अधिक डबे बनले आणि लाखो वैमानिक त्यांतून बाहेर पडले.

डोळ्यांवर झापड असताना वैमानिकाला उपकरणांवरच विसंबायला का शिकवावे लागते, याचे कारण कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. शरीर वळू लागले की नलिका वळतात, द्रव मागे रेंगाळतो आणि त्या फरकातून मेंदूला वळण कळते. वळण त्याच वेगाने चालू राहिले तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वळतो आहोत ही जाणीव नाहीशी होते. विमान सरळ केले की आता उलटीकडे वळतो आहोत असे वाटते. ढगात सापडलेला वैमानिक मग ‘सरळ’ करण्याच्या नादात विमान पुन्हा वळणात घालतो आणि खाली खाली जातो. हा भ्रम समजावून सांगून जात नाही. तो अनुभवूनच, आणि उपकरणावर विश्वास ठेवूनच, आवरता येतो.

कानाच्या या दोषाचा उपयोग नंतरच्या सिम्युलेटरांनी करून घेतला. आजचा मोठा सिम्युलेटर सहा लांबट पायांवर उभा असतो आणि हे पाय स्वतंत्रपणे लांब-आखूड होतात. त्याला जाता येते जेमतेम एक-दोन मीटर, मग विमान धावपट्टीवर वेग घेत असल्याचा भास तो कसा देतो? तो सुरुवातीला पुढे धक्का देतो आणि मग सगळी खोली हळूच मागे कलवतो. पाठ आसनात दबते. समोरच्या पडद्यावर धावपट्टी मागे पळत असते. कान आणि डोळे मिळून मेंदूला वेगाची खात्री पटवतात. त्यानंतर खोली इतक्या संथपणे मूळ जागी येते की ते जाणवतच नाही. लढाऊ विमानाच्या तीव्र वळणातला दाब मात्र असा फसवून देता येत नाही, कारण तो सेकंदांनुसेकंद टिकतो. त्यासाठी माणसाला लांब बाहूच्या टोकाला बसवून गरगर फिरवणारे यंत्र लागते. बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत भारतीय वैमानिक हाच अनुभव घेतात. डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर मळमळ, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. हेलिकॉप्टर सिम्युलेटरच्या बाबतीत याची नोंद १९५७ मध्येच झाली होती, आणि आभासी वास्तवाच्या चकचकीत डोळेपट्ट्यांच्या काळातही हा त्रास सुटलेला नाही.

सिम्युलेटर जितका हुबेहूब तितका चांगला, हा समज १९८० च्या दशकात अमेरिकेत मोडला गेला. संरक्षण संशोधन संस्था ‘दार्पा’ने १९८३ मध्ये ‘सिमनेट’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यामागे जॅक थॉर्प हे हवाई दलाचे अधिकारी होते. त्यांना एक उत्तम खोटा रणगाडा नको होता. शेकडो बऱ्यापैकी खोटे रणगाडे एकाच मैदानात एकमेकांशी लढताना हवे होते. म्हणून रणगाड्याच्या आत जी बटणे दलाला लढताना लागतात ती खरी ठेवली, बाकीची नुसती रंगवली. चित्रेही आजच्या मुलांना हसू येईल इतकी साधी होती. पण शेजारच्या रणगाड्यात कोण आहे, तो कुठे गेला, त्याचा निरोप का येत नाही, ही सगळी गोची खरी होती, आणि सैनिक पाच मिनिटांत ती चित्रे विसरून घामाघूम होत.

त्या काळच्या मंद तारांवरून शेकडो रणगाड्यांची खबर सगळ्यांना क्षणोक्षणी देणे अशक्य होते. त्यावरचा तोडगा साधा होता. प्रत्येक यंत्र इतरांचा शेवटचा कळलेला वेग आणि दिशा धरून ते आता कुठे असतील याचा अंदाज स्वतःच बांधत राही. स्वतःचा रणगाडा त्या अंदाजापासून ढळला तरच तो नवी खबर धाडी. पाहुणा वेळेवर गाडीत बसला हे एकदा कळले की मधल्या प्रत्येक स्थानकावरून त्याने फोन करण्याची गरज नसते, गाडी रखडली तरच करायचा, तसा हा हिशेब. आजचे जाळ्यावरचे व्हिडिओ गेमही मूळ हीच युक्ती वापरतात. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात वाळूच्या वादळात ‘७३ ईस्टिंग’ची रणगाड्यांची लढाई झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत संशोधक तिथे पोचले. रणगाड्यांच्या चाकोऱ्या आणि जळालेले सांगाडे मोजून, सैनिकांना विचारून त्यांनी ती लढाई जवळजवळ मिनिटागणिक या जाळ्यात उभी केली. झालेली लढाई पुन्हा पुन्हा चालवून, एखादी गोष्ट बदलली तर काय झाले असते हे पाहता येण्याची ही पहिलीच मोठी संधी होती.

प्रत्यक्ष मैदानावरच्या सरावाचा जुना प्रश्न मात्र वेगळा होता: मेले कोण? पोकळ काडतुसे झाडणारे दोन्ही पक्ष ‘तुला मी आधी मारले’ म्हणून भांडत आणि पंच हतबल होत. १९८० च्या सुमारास आलेल्या ‘माइल्स’ या लेसर यंत्रणेने हे भांडण मिटवले. बंदुकीच्या नळीवर लेसरची डबी बसते. पोकळ काडतूस उडाले की तिच्यातून डोळ्याला न दिसणारा किरण निघतो. समोरच्याच्या शिरस्त्राणावर आणि छातीवरच्या पट्ट्यांवर त्याला ओळखणारे बिल्ले असतात. जवळून गेला तर नुसती टिवटिव होते, लागला तर कर्णा वाजतच राहतो. तो थांबवायचा तर सैनिकाला स्वतःच्या बंदुकीवरच्या डबीतली किल्ली काढून पट्ट्यावरच्या कुलपात घालावी लागे, आणि किल्ली निघाली की त्याची बंदूक मुकी होई. मेलेल्याने गुपचूप लढत राहण्याची सोयच उरली नाही. किरणात शस्त्राची खूण असते, त्यामुळे बंदुकीने रणगाडा मरत नाही.

ही यंत्रणा घेऊन अमेरिकी सैन्याने कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात फोर्ट अर्विन येथे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे सराव केंद्र उभारले. तिथे कायम मुक्कामाला असलेली ‘शत्रू’ पलटण सोव्हिएत पद्धतीने लढे. तिची वाहने सोव्हिएत वाटावीत म्हणून वरून कवचे चढवली जात. पाहुण्या पलटणी बहुधा तिच्याकडून मार खात. खरे शिक्षण सुरू होई ते त्यानंतरच्या आढाव्यात. नकाशावर सगळ्यांच्या हालचाली मांडल्या जात आणि बेत काय होता, घडले काय, का घडले, हे प्रश्न क्रमाने विचारले जात. शिपाईही आपल्या कर्नलच्या हुकुमाने काय झाले ते सगळ्यांदेखत सांगू शके. लष्करासारख्या उतरंडीच्या संस्थेत ही सवय रुजवणे लेसरपेक्षा अवघड होते.

नौदलाच्या वैमानिकांसाठी १९६९ मध्ये मिरामारला निघालेले ‘टॉपगन’ आणि हवाई दलाने १९७५ पासून नेलिस तळावर सुरू केलेला ‘रेड फ्लॅग’ सराव याच मुशीतले. व्हिएतनामच्या अनुभवावरून, पहिल्या दहा लढाऊ उड्डाणांतून वाचलेला वैमानिक पुढे बहुधा वाचतो असे दिसले होते. ती पहिली दहा उड्डाणे घरीच करून घ्यावीत, हा ‘रेड फ्लॅग’मागचा विचार.

लेसरच्या सरावाने चुकीच्या सवयीही लागतात. पातळ झुडूप किरण अडवते, गोळी अडवत नाही. झुडपाआड सुरक्षित राहायला शिकलेला सैनिक खऱ्या लढाईत मरेल. किरण क्षणात पोचतो, त्यामुळे धावत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरण्याचा सरावही होत नाही. प्रत्येक नकली साधनात असा एखादा खड्डा असतोच. तो कुठे आहे हे प्रशिक्षकाला माहीत असणे आवश्यक ठरते.

संगणकातल्या सैन्यांचे गणित ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणांपासून सुरू होते. दोन्ही बाजूंची शस्त्रे सारखी आणि प्रत्येकाला समोरच्या कोणावरही नेम धरता येतो असे मानले, तर सैन्याची ताकद त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १,००० विरुद्ध ८०० अशी लढाई शेवटपर्यंत चालली तर ८०० चे सैन्य संपते आणि दुसरीकडे २०० नव्हे, ६०० उरतात, कारण दहा लाखांतून सहा लाख चाळीस हजार वजा केले की तीन लाख साठ हजार राहतात आणि त्याचे वर्गमूळ ६००. आता १,००० च्या सेनापतीने चूक करून सैन्य पाचशे-पाचशेच्या दोन तुकड्यांत वेगवेगळे पाठवले असे समजा. ८०० चे सैन्य पहिली तुकडी संपवते तेव्हा त्याच्यापाशी सुमारे ६२४ उरतात, आणि ते दुसरीही संपवून ३७४ शिल्लक राखतात. लहान सैन्य जिंकते. सैन्य एकवटून ठेवण्याचा जुना उपदेश इथे आकड्यांत दिसतो. पण या समीकरणांना धैर्य, पाऊस, रसद किंवा पळून जाणे ठाऊक नसते. पुढच्या प्रणालींनी अशा कितीतरी गोष्टी आत घेतल्या. तरीही प्रत्येक गोष्टीला कोणीतरी एक आकडा द्यावा लागतो आणि तो आकडा म्हणजे शेवटी एक मत असते. पडद्यावर दशांशापर्यंत आलेले उत्तर पाहून अधिकारी हे विसरतात.

पंचाचा प्रश्नही संगणकाने सुटला नाही. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा प्रचंड सराव केला. काही भाग मैदानावर, काही संगणकात. आखाती देशासारख्या दिसणाऱ्या लाल पक्षाचे नेतृत्व निवृत्त मरीन जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होते. निळ्या पक्षाला त्यांचे संदेश हवेतून टिपायचे होते, म्हणून त्यांनी निरोप मोटरसायकलस्वारांमार्फत धाडले. मग एकाच वेळी क्षेपणास्त्रांचा आणि लहान बोटींचा मारा करून निळ्या आरमाराची विमानवाहू नौकेसह १६ जहाजे ‘बुडवली’. संयोजकांनी जहाजे पुन्हा तरंगवली आणि पुढे लाल पक्षाने काय करायचे यावर बंधने घातली. व्हॅन रायपर यांनी सूत्रे सोडली. संयोजकांची बाजू अशी की हजारो माणसे ठरल्या दिवसांसाठी जमली होती, पहिल्याच टप्प्यात खेळ संपवून त्यांना घरी धाडणे परवडणारे नव्हते. व्यवहार म्हणून ते पटण्यासारखे आहे. मात्र पुन्हा तरंगवलेल्या जहाजांच्या जोरावर नव्या युद्धतंत्राचा विजय जाहीर करणे पटण्यासारखे नव्हते.

सराव खरा वाटला तर आणखी एक धोका असतो, शेजाऱ्यालाही तो खरा वाटण्याचा. १९८६-८७ च्या हिवाळ्यात लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांच्या काळात राजस्थानात झालेला भारतीय सैन्याचा ‘ब्रासटॅक्स’ सराव इतका मोठा होता की पाकिस्तानने आपले सैन्य सीमेकडे हलवले आणि दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. फेब्रुवारी १९८७ मध्ये वाटाघाटी होऊन सैन्ये मागे घेण्याचे ठरले. त्याच महिन्यात पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक क्रिकेटचा सामना पाहायला जयपूरला आले होते.

भारतात या तिन्ही प्रकारांची केंद्रे आहेत आणि त्यांतली बरीच महाराष्ट्र-गोव्यात आहेत. अहिल्यानगरला चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे, देवळालीला तोफखाना विद्यालय. तोफखान्यात तोफ डागणारा आणि गोळा कुठे पडला हे पाहणारा, असे दोघे लागतात. दूरच्या टेकडीवर बसलेला निरीक्षक ‘दोनशे मीटर पुढे, शंभर उजवीकडे’ असे सांगत मारा लक्ष्यावर आणतो. त्याला शिकवताना दरवेळी खरा गोळा खर्च करणे परवडत नाही. ब्रिटिश काळात तोफखान्याच्या शाळांत यासाठी चिंध्या-गोणपाटाचा रंगवलेला छोटा मुलूख मांडत आणि खाली लपलेला माणूस सांगितल्या जागी धुराचा भपका सोडी. आज तेच काम मोठा पडदा करतो. धुरापेक्षा चित्र सुबक आहे, निरीक्षकाला करायची आकडेमोड तीच.

समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचावर, लोणावळ्याच्या डोंगरात, ‘आयएनएस शिवाजी’ येथे नौसैनिक बुडते जहाज वाचवायला शिकतात, हे ऐकून नवख्याला गंमत वाटते. तिथल्या प्रशिक्षणात पोलादी खोल्यांचा एक जहाजाचा तुकडा असतो. तो यंत्राने डोलतो. भिंतीतली भोके आणि फुटके नळ जोराने पाणी ओततात, दिवे जातात, पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत चढते. त्यात उभे राहून लाकडी पाचरी ठोकायच्या, भोकावर गादी दाबून धरायची, तिला वाशांचा टेकू द्यायचा. एकट्याने यातले काहीच जमत नाही, आणि आरडाओरड्यात कोणाचा हुकूम ऐकायचा हे आधी ठरलेले नसेल तर चौघांनाही जमत नाही. गोवा शिपयार्डने नौदलासाठी असे सिम्युलेटर बांधले आहेत. नकाशावरच्या खेळांसाठी वेऱ्याला नौदल युद्ध महाविद्यालय आहे. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था २०११ मध्ये गोव्यात आली, आणि मार्च २०२४ मध्ये तिच्या ‘चोला’ या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. भूसेनेच्या युद्धखेळांचे केंद्र दिल्लीत आहे.

प्रशिक्षणाची एखादी पायरी गाळली तर काय होते, याचाही भारतीय दाखला आहे. संथ प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक थेट वेगवान मिग-२१ कडे जात होते. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि विमाने २००८ मध्ये बिदरला दाखल झाली. मधल्या काळातल्या अपघातांची कारणे अनेक होती, पण ही गाळलेली पायरी त्यांत वारंवार सांगितली गेली.

संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये सैन्यदलांत सिम्युलेटरांचा वापर वाढवण्याचे धोरण जाहीर केले. इंधन, दारूगोळा आणि यंत्रांची झीज वाचते, हे त्यामागचे उघड कारण. ही बचत सरळ रेषेत मात्र वाढत नाही. सिम्युलेटरवरचे पहिले काही तास खऱ्या यंत्रावरचे बरेच तास वाचवतात. पुढे प्रत्येक जादा तासाचा फायदा घटत जातो आणि एका मर्यादेनंतर जवळजवळ काहीच वाचत नाही. ही मर्यादा प्रत्येक यंत्रागणिक वेगळी. लहान ड्रोन चालवणाऱ्याचे बहुतेक शिक्षण साध्या लॅपटॉपवर होऊ शकते, कारण खऱ्या ड्रोनचा चालकही पडद्याकडेच पाहत असतो. रणगाड्याच्या दलाला ती मर्यादा फार लवकर गाठते. बंद पोलादात साचलेली उष्णता, तोफेचा हादरा, दिवसचे दिवस न झोपता केलेली दुरुस्ती यांतले पडद्यावर फारसे येत नाही. सिम्युलेटर आल्यावरही अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवरचा आणि देवळालीच्या मैदानावरचा खऱ्या दारूगोळ्याचा गोळीबार म्हणूनच बंद झालेला नाही.